हाल्फ आख़्त म्हणजे साडेसात

आधी त्या चुकलेल्या कॉलचं सांगते, कारण माझं डच शिकणं खऱ्या अर्थाने तिथून सुरू झालं. त्याआधी आठ महिने मी एकटीच शिकत होते, अ‍ॅपवर, पीडीएफवर, यूट्यूबवर, आणि मग ऑनलाइन मला नेदरलँड्समधल्या उत्रेख़्त शहरातल्या एक बाई भेटल्या, लायब्ररीतून रिटायर झालेल्या, आठवड्यातून एकदा माझ्याशी डच बोलायला तयार झाल्या. डचमधे अशा माणसाला तालमात्ये म्हणतात, म्हणजे भाषेचा सोबती. तर त्यांचा मेसेज आला की उद्या हाल्फ आख़्तला बोलू, वेळ त्यांनी माझ्या घड्याळाप्रमाणे मोजूनच सांगितली होती. हाल्फ म्हणजे अर्धा, आख़्त म्हणजे आठ, मला दोन्ही शब्द येत होते, म्हणून मी साडेआठला लॅपटॉप उघडून बसले. त्या साडेसातला येऊन वाट बघून निघून गेल्या होत्या. हाल्फ आख़्त म्हणजे आठकडे जाताना अर्धा, म्हणजे साडेसात. मला फार वाईट वाटलं, कारण एक वयस्कर बाई माझ्यासाठी स्क्रीनसमोर बसून राहिल्या आणि मी आलेच नाही.

त्या रात्री मी शांतपणे विचार केला की मी ते वाक्य नक्की कसं वाचलं होतं. मी ते इंग्रजीतून वाचलं होतं. इंग्रजीत हाफ पास्ट एट म्हणतात, मधला पास्ट बोलताना गळतो, म्हणून माझ्या डोक्यात साडेआठ. मग लक्षात आलं की आठ महिने मी सगळंच असं करतेय. शिकायचं डच, बोलायचं मराठी, आणि मधे एक इंग्रजीचं स्टेशन, प्रत्येक वाक्य तिथे थांबूनच पुढे जातं. सगळं साहित्य इंग्रजी येणाऱ्यांसाठी लिहिलेलं, आणि सगळीकडे लिहिलेलं असतं की डच ही इंग्रजी आणि जर्मनच्या मधली भाषा आहे, इंग्रजी येत असेल तर सोपी जाते. शब्दांच्या बाबतीत ते खरंय, वातर म्हणजे वॉटर, बूक म्हणजे बुक, आपेल म्हणजे अ‍ॅपल. पण वाक्य बनवायला गेलं की तो आधार सुटतो, आणि तिथे बरेच लोक थांबतात, मी पण थांबायच्या बेतात होते.

डच का शिकायचं हे लोक खूप विचारतात. नोकरीसाठी नाही, तिकडे राहायला जायचं म्हणूनही नाही. नेदरलँड्स, बेल्जियममधला फ्लांडर्सचा भाग आणि दक्षिण अमेरिकेतला सुरीनाम देश मिळून जवळपास अडीच कोटी लोकांची ही भाषा आहे आणि मला ती ऐकायला आवडली, एवढंच कारण होतं. कुणी लावून दिलेला क्लास नाही, परीक्षेची तारीख नाही, त्यामुळे रोज बसायचं की नाही हे आपल्यावरच. एकट्याने शिकण्यात सगळ्यात अवघड तेच आहे, व्याकरण नंतर.

तर दुसऱ्या दिवशी मी नवीन वही काढली आणि ठरवलं की यात इंग्रजी शब्द लिहायचा नाही. डावीकडे डच, उजवीकडे मराठी. पहिल्याच आठवड्यात जे झालं ते सांगते. डचमधे मुख्य वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागी असतं, पण गौण वाक्य आलं, म्हणजे की, कारण, जेव्हा वगैरेनंतरचा भाग, की क्रियापद उचलून एकदम शेवटी जातं. इंग्रजी पुस्तकांत याच्यासाठी अख्खा धडा असतो, बाण काढलेले, रंग दिलेले, आणि मी त्या बाणांवर दोन महिने घालवले होते. आता वहीत मी लिहिलं: दात हेइ एल्के दाख़ ब्रोत कोप्त. खाली एकेका शब्दाचं मराठी: की, तो, रोज, ब्रेड, विकत घेतो. मी ते परत वाचलं. की तो रोज ब्रेड विकत घेतो. एकही शब्द हलवावा लागला नाही! ओम्दात इक मू बेन, कारण मी दमलेली आहे. हे पण तसंच. ज्या गोष्टीसाठी मी बाण पाठ करत होते ती मी लहानपणापासून बोलतेय, फक्त मधे इंग्रजी घेतल्यामुळे मला आधी मराठीचा क्रम मोडावा लागायचा आणि मग डचसाठी पुन्हा जोडावा लागायचा.

मुख्य वाक्यातलं दुसऱ्या जागेचं क्रियापद मात्र मराठीसारखं नाही, ते मान्य करून शिकावंच लागतं. मॉर्ख़न ख़ा इक, शब्दशः उद्या जाते मी. पण हे मराठीत चुकीचं वाटत नाही ना, बोलताना आपण म्हणतोच, उद्या जाते मी, काल आणलं मी. इंग्रजीत असं म्हणून बघा. आपल्याकडे शब्द फिरवायची मोकळीक आहे आणि त्यांच्याकडे तो नियम आहे, म्हणून निदान कानाला खटकत नाही.

आकडे तर मला भेट मिळाल्यासारखे वाटले. पंचवीस म्हणजे फेइफ-एन-त्विन्तख़, पाच आणि वीस. पंचेचाळीस, फेइफ-एन-फेर्तख़, पाच आणि चाळीस. आधी एकक मग दशक, आपल्यासारखंच. इंग्रजी बोलणाऱ्यांना फोन नंबर लिहून घेताना याचा फार त्रास होतो असं सगळीकडे वाचायला मिळतं, आणि मलाही होत होता, कारण मी डच आकडा ऐकून आधी ट्वेंटी फाइव्ह करत होते. सरळ पंचवीस ऐकायला लागल्यावर आठवडाभरात त्रास गेला. फक्त एकोणतीस, एकोणपन्नास ही आपली एक कमीची पद्धत त्यांच्याकडे नाही, ते नऊ आणि वीस, नऊ आणि चाळीस असंच म्हणतात, तेवढं लक्षात ठेवलं की झालं.

आता दे आणि हेत. डचमधे नामाच्या आधी एकतर दे लागतं नाहीतर हेत, आणि कुठल्या शब्दाला कुठलं याला बहुतेक वेळा काही कारण नसतं. पुल्लिंग आणि स्त्रीलिंग मिळून दे, नपुंसकलिंगाला हेत. लोक यावर खूप वैतागतात, पण मराठी माणसाने यावर वैतागायचं काही कारण नाही असं मला मनापासून वाटतं. तो पंखा, ती खुर्ची, ते टेबल हे कुणी कारण सांगून शिकवलं होतं का? शब्द आला तो लिंग घेऊनच आला. तसंच इथे करायचं, वहीत नुसतं टेबलाचा शब्द न लिहिता दे ताफल लिहायचं, नुसतं पुस्तक न लिहिता हेत बूक, एका श्वासात, एकच शब्द असल्यासारखं. मी सुरुवातीला नुसते शब्द पाठ केले होते आणि नंतर शेकडो शब्द पुन्हा लिहावे लागले, ते करू नका.

यातली एक गंमत मला फार आवडते. डच लोकांना प्रत्येक गोष्ट छोटी करून बोलायची सवय आहे, शब्दाच्या शेवटी ये किंवा त्ये लावलं की झालं, हाऊस चं हाऊस्ये, छोटंसं घर. आणि असा शब्द झाला की तो कायम हेत. मुलगी म्हणजे मेइस्ये, शेवटी तोच ये आहे, म्हणून मुलगी नपुंसकलिंगी, हेत मेइस्ये. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हे विचित्र वाटतं. मी वहीत समोर लिहिलं: ते लेकरू, ते पाखरू, ते कोकरू, ते वासरू. आपल्याकडे पण लहान झालं की ते होतं! त्यानंतर हा नियम मला पाठ करावा लागला नाही.

शब्दयोगी अव्ययांचं पण तसंच. डचमधे तिथे, इथे, कुठे या शब्दांना पुढचं अव्यय चिकटतं, दारॉप म्हणजे त्यावर, हीरॉप म्हणजे यावर, वारॉप म्हणजे कशावर किंवा ज्यावर. आणि हालचाल असेल तर कधीकधी अव्यय नामाच्या मागे जातं, इक लोप हेत बॉस इन, मी जंगलात चालत शिरते, इन हा शब्द जंगलाच्या नंतर, आपल्या त सारखा. आणि तुटणारी क्रियापदं, ज्यांचा एक तुकडा वाक्याच्या टोकाला जाऊन पडतो. इक ख़ेफ हेत म्हणजे मी ते देते, इक ख़ेफ हेत ऑप म्हणजे मी ते सोडून देते. शेवटचा ऑप ऐकेपर्यंत अर्थ कळत नाही. पण आपण मराठीत नाही ची वाट शेवटपर्यंत बघतोच की, मी उद्या तुझ्याकडे येणार, आणि मग आहे का नाहीये ते शेवटी. ती थांबायची सवय इथे उपयोगी पडते.

उच्चारांवर सगळ्यात जास्त वेळ गेला आणि तिथे मराठी थोडीच पुरते. क, त, प मात्र छान, डचमधे ते आपल्यासारखे साधे आहेत, इंग्रजीसारखे हवा सोडून नाहीत. जी हे अक्षर म्हणजे घशातला ख़, गझलेतल्या ख़त आणि ख़्वाबमधला, तो ज्यांच्या कानावर आहे त्यांना पटकन येतो. उत्तरेकडे तो खरखरीत, दक्षिणेला ब्राबांत, लिम्बुर्ख़ आणि फ्लांडर्समधे मऊ. खरी अडचण स्वरांची. तीन स्वर असे आहेत जे मराठीत नाहीतच, आणि देवनागरीत मी ते लिहू पण शकत नाही, वर हाऊस लिहिलं ते फक्त जवळपासचं आहे. मला ते कसे जमले ते सांगते. फोनचा समोरचा कॅमेरा लावायचा. लांब ई म्हणायला लागायचं आणि जीभ अजिबात न हलवता फक्त ओठ शिट्टी मारल्यासारखे गोल करायचे. जो आवाज येतो तो पहिला. मग तसंच लांब ए म्हणत ओठ गोल, तो दुसरा. मग एइ म्हणत ओठ गोल, तो तिसरा, जो घर आणि कांदा या शब्दांत येतो. जीभ मराठी, ओठ वेगळे. मी पंधरा दिवस रोज दहा मिनिटं हेच केलं, रेकॉर्ड करायचं, त्या बाईंचा आवाज ऐकायचा, परत रेकॉर्ड करायचं. आठव्या नवव्या दिवशी गालाचे स्नायू दुखायला लागले आणि मला बरं वाटलं, म्हणजे काहीतरी नवीन हलतंय.

हे का महत्त्वाचं ते एका कॉलमधे कळलं. मी त्यांना सांगत होते की शेजाऱ्याशी माझं पाण्यावरून बोलणं झालं, आणि त्या गोंधळून विचारायला लागल्या की तुझी शेती आहे का. शेजारी आणि शेतकरी या दोन शब्दांत फरक फक्त त्या पहिल्या स्वराचा आहे, ओठ गोल करून ई म्हटली की शेजारी, साधा ऊ म्हटला की बूर, शेतकरी. मी पूर्ण वेळ बूर म्हणत होते. त्यांनी हसून सोडून दिलं नाही, दोन्ही शब्द दहा-दहा वेळा म्हणून घेतले, आणि मला ते फार आवडलं, कारण हसून सोडून दिलं असतं तर मी आजही बूरच म्हणत असते.

भूतकाळासाठी डच मुलांना एक शब्द पाठ करायला देतात, त कोफस्ख़िप, त्यात जी व्यंजनं आहेत ती धातूच्या शेवटी आली तर ‘ते’ हा प्रत्यय लावायचा, नाहीतर ‘दे’. वेर्क्ते, काम केलं. वोन्दे, राहिले. ती व्यंजनं नीट बघितली तर सगळी अघोष आहेत, त, क, फ, स, ख़, प. आपल्याला वर्णमालेतच घोष-अघोष शिकवलेलं असतं, त्यामुळे वेगळा शब्द पाठ करायची गरज नाही, अघोषाला अघोष ते, घोषाला घोष दे.

सगळ्यात जास्त जीव मात्र माझा त्या छोट्या शब्दांत अडकलाय. मार, तॉख़, वेल, एफे, होर, हे. पुस्तकांत लिहितात की यांचं भाषांतर होत नाही. इंग्रजीत होत नसेल. कॉम मार बिनन म्हणजे या ना आत. वाख़्त एफे म्हणजे जरा थांब. कुणी म्हटलं तू येत नाहीयेस, तर उत्तर इक कॉम वेल, येतेय की! तॉख़ वाक्याच्या शेवटी आला की ना, हो ना, बरोबर ना. आणि निरोप घेताना शेवटी जो होर लावतात तो बरं का. हे सगळे रोज आपल्या तोंडात असलेले शब्द, ना, की, च, जरा, बरं का, तर. आधी माझं डच बरोबर होतं पण कोरडं होतं, हुकूम सोडल्यासारखं, कारण इंग्रजीतून आलेल्या वाक्यात यांना जागाच नव्हती. मी मराठीत जिथे ना म्हणाले असते तिथे मार टाकायला लागले, अर्थात दरवेळी जुळतं असं नाही, पण दहात सात वेळा जुळतं, आणि एका कॉलला त्या म्हणाल्या, आता तू माझ्याशी बोलतेयस असं वाटतं. तो दिवस मी वहीत तारीख घालून लिहिलाय.

तू वरून आठवलं. डचमधे पण तू आणि तुम्ही आहे, ये आणि यू. मी त्यांना सुरुवातीपासून यू म्हणत होते, तिसऱ्या आठवड्यात त्या म्हणाल्या ये म्हण ना. माझ्यापेक्षा तीस वर्षांनी मोठ्या बाईंना तू म्हणायला मला चार कॉल लागले. व्याकरण एका मिनिटाचं, जीभ उचलायला महिना.

मधे काही महिने फ्लांडर्समधल्या घेंट शहरातल्या एका मुलाशी पण बोलत होते आणि तिथे कान परत पहिल्यापासून लावावा लागला. नेदरलँड्स आणि फ्लांडर्स यांचं शुद्धलेखन एकच आहे, त्यासाठी १९८० मधे दोघांनी मिळून ताल्युनी ही संस्था काढली, २००४ पासून सुरीनामही तिच्याशी जोडलेलं आहे. पण लिहिलेलं एक असलं तरी बोलणं वेगळं. लोपन म्हणजे उत्रेख़्तला चालणं, घेंटला पळणं. स्ख़ोन म्हणजे इकडे स्वच्छ, तिकडे सुंदर. माझं मत विचाराल तर पहिलं वर्ष एकच बोली धरा, दुसरी नंतर आपोआप गोड वाटायला लागते.

रोजचं म्हणाल तर फार काही नाही. सकाळी वीस मिनिटं अंकी, म्हणजे फ्लॅशकार्डचं अ‍ॅप, त्यात सुटे शब्द नाहीत, पूर्ण वाक्यं, माझ्या आवाजात रेकॉर्ड केलेली. संध्याकाळी एनओएस या त्यांच्या सार्वजनिक वाहिनीचं मुलांसाठीचं बातमीपत्र, १९८१ पासून चालू आहे ते, वाक्यं स्पष्ट, विषय खरे, आणि मोठ्या माणसाला कमी लेखलं जातंय असं कधी वाटत नाही. पहिल्यांदा सबटायटल लावून, मग न लावता, मग एक मिनिटाचा तुकडा त्यांच्याबरोबर बोलत. आजारी असले तरी पाच मिनिटं. दोनदा महिनाभर खंड पडला, दोन्ही वेळा मी मागचं सगळं भरून काढायला गेले नाही, त्या दिवशीच्या बातम्यांपासूनच सुरू केलं, आणि त्यामुळेच टिकले.

एर हा शब्द मात्र अजून येत नाही. कुठे तो तिथे असतो, कुठे त्यातले, इक हेप एर द्री, माझ्याकडे त्यातले तीन आहेत, आणि कुठे तो नुसताच वाक्य उभं करायला असतो. त्याच्यासाठी मराठीत मला एक शब्द सापडला नाही. त्याची वाक्यं मी साठवतेय, दीडशेच्या वर झालीत, कळेल हळूहळू.

मागच्या महिन्यात पुन्हा वेळ ठरवताना तो चुकलेला कॉल निघाला आणि त्यांनी विचारलं, तुमच्याकडे अर्धा कसा म्हणतात. मी सांगितलं, साडेसात, म्हणजे सातावर अर्धा, साडेतीन, साडेचार. आणि दोनावर? तेव्हा मी थांबले. साडेदोन नाही ना म्हणत आपण. अडीच म्हणतो. मी म्हटलं पुढच्या वेळी सांगते, आणि शब्दकोश काढला. अडीच हा अर्धतृतीय वरून आलाय, तिसरा अर्धा. म्हणजे दोन पूर्ण आणि तिसऱ्यातला अर्धा. म्हणजे हाल्फ द्री! मी आयुष्यभर तो हिशोब बोलत होते आणि हाल्फ आख़्तला चुकले होते.

पुढच्या कॉलला मी हे सगळं डचमधे समजावलं, वीस मिनिटं लागली, एकही इंग्रजी शब्द न घेता. त्या गप्प राहिल्या, मग म्हणाल्या की आमच्याकडे दीडला आन्दरहाल्फ म्हणतात, आन्दर म्हणजे आता दुसरं या अर्थी वेगळं, पण पूर्वी त्याचा अर्थ क्रमाने दुसरा असा होता. दुसरा अर्धा. मी म्हटलं आमचा दीड पण द्वि आणि अर्ध यातूनच झालाय. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा मेसेज होता, त्यांनी रात्री जुन्या डचचा मोठा शब्दकोश काढून बघितला होता. पूर्वी डचमधे देर्देहाल्फ असा शब्द होता, तिसरा अर्धा, अर्थ दोन आणि अर्धा, आता कुणी वापरत नाही. आणि खाली पुढच्या कॉलची वेळ, जमेल तशी मराठी लिहून: हाल्फ द्री, आदिच, होर.